समुद्राला ताप आला की ही पोरगी लाल होते

फेब्रुवारीत आईला घेऊन ताईकडे टाउन्सव्हिलला गेलो होतो, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर, म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. पहिल्याच संध्याकाळी ताई म्हणाली चला सायरन बघायला, मला वाटलं भोंगा वगैरे असेल. स्ट्रँडवर, म्हणजे त्यांच्या चौपाटीवर, एक जेट्टी आहे आणि तिच्या बाजूला थेट पाण्यात उभी असलेली एक मुलगी, चारेक मीटर उंच, हातात शंख, आणि अंधार पडला तशी ती आतून उजळायला लागली, केशरी.

ही 'ओशन सायरन'. जेसन डीकेअर्स टेलर नावाच्या शिल्पकाराने केलीय, 2019 च्या शेवटी बसवली. तिथल्या मूळच्या वुलगुरुकाबा लोकांमधल्या एका शाळकरी मुलीवरून तो पुतळा घडवलाय, हे मला फार आवडलं, कारण समुद्र आधी त्यांचा. आणि तो रंग शोभेचा नाहीये. लांब आत डेव्हिस रीफवर, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकावर, हवामान केंद्र आहे, तिथलं पाण्याचं तापमान इकडे येतं आणि त्याप्रमाणे आतले एलईडी बदलतात, पाणी गार असेल तर निळी, तापत गेलं की पिवळी, केशरी, लाल.

आईने विचारलं, पाणी थोडं कोमट झालं तर बिघडतं काय? प्रवाळ दिसतो दगडासारखा पण तो जिवंत प्राणी असतो, त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला रंग देतं आणि बरंचसं अन्नही देतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा डिग्री जास्त असं काही आठवडे राहिलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. लवकर गारवा आला तर सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. ग्रेट बॅरियर रीफवर, म्हणजे तिकडच्या प्रवाळाच्या अवाढव्य पट्ट्यावर, 2016, 2017, 2020, 2022, 2024 असं पुन्हा पुन्हा झालंय, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला त्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही हो, पाणी वरून तेवढंच सुंदर.

हे सगळं ऐकून आई एवढंच म्हणाली, "एका डिग्रीने आपण पण अंथरूण धरतो की. पोरीला ताप आलाय." इतके आलेख बघितलेत मी, पण एकाही आलेखाने मला असं गलबलून आलं नव्हतं.

याच टेलरने तिथे जॉन ब्रुअर रीफजवळ समुद्राच्या तळाशी 'कोरल ग्रीनहाऊस' उभारलंय, खास सिमेंट वापरून, ज्यावर प्रवाळ आपणहून रुजतो आणि मासे घर करतात. ते जवळून बघायला डायव्हिंग यावं लागतं, आम्हाला कुठलं जमायला.

पण मालवण डोक्यातून जात नाहीये. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पण प्रवाळ आहे, 1987 पासून अभयारण्य आहे, स्नॉर्कलिंगला आपण झुंडीने जातो आणि त्याच प्रवाळावर पाय देऊन उभे राहतो. मालवणच्या जेट्टीवर अशी एक मुलगी हवीच, आपल्या कोळणीसारखी, डोक्यावर पाटी घेतलेली, आणि तिचा रंग आपल्या पाण्याने ठरलेला.

येऊन दोन महिने झाले. ताईचा व्हिडिओ कॉल आला की आई जेवणाखाण्याच्या आधी विचारते, "आज कुठल्या रंगाची आहे ती?" काल ताईने फोन जेट्टीवरूनच केला. हिरवट निळी होती.