जिंकलेल्या सामन्यानंतरच्या शिव्या

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात मी क्रीडा विभागाचं सोशल मीडिया सांभाळते. हिवाळा लागला की माझा जवळपास सगळा वेळ महिला बास्केटबॉल संघाला जातो, आणि त्यातला निम्मा एकट्या कोचना. मुंबईच्या मैत्रिणी विचारतात, म्हणजे कोचच्या नावाने तूच लिहितेस ना? बऱ्याच ठिकाणी तसंच चालतं. आमच्या कोच मात्र पन्नाशीच्या, एकेकाळच्या पॉइंट गार्ड, आणि स्वतःच्या शब्दांबाबत भलत्याच कडक. त्या व्हॉइस नोट पाठवतात, मी टाइप करून परत पाठवते, त्या माझी उद्गारचिन्हं काढून टाकतात, मग पोस्ट जाते.

घरच्या मैदानावर सामना असला की सकाळी त्यांचा एक व्हिडिओ ठरलेला. पार्किंगमध्ये गाडीतच बसायचं, फोन डॅशबोर्डला टेकवायचा, हातात पेट्रोल पंपावरची कॉफी. आज कोणाशी गाठ आहे, कुणाचा गुडघा दुखतोय, विद्यार्थ्यांचा कोपरा भरला तर पिझ्झा कोणाकडून. उजेड धड नसतो, कधी कधी वायपर चालू असतो. मी त्यांना चांगला माइक आणून दिला होता, तो समोरच्या कप्प्यात पडून आहे. तरी आम्ही धूर सोडून, स्लो मोशन लावून, दिवसच्या दिवस खपून केलेल्या रीलपेक्षा हा व्हिडिओ जास्त बघितला जातो. रात्री त्या कमेंटना उत्तरंही स्वतः देतात. गावातले एक निवृत्त पोस्टमन प्रत्येक सामन्यानंतर आमच्या बचावाची चिरफाड करतात, कोच त्यांच्याशी मुद्द्यागणिक भांडतात, आणि ते भांडण वाचायला लोक येतात.

हे सगळं हौसेपोटी चालतं असं मात्र नाही. पूर्वी कोचचा आठवड्याचा रेडिओ कार्यक्रम असायचा, गावातल्या एखाद्या हॉटेलात, समोर चाहते चिकन विंग्ज खात बसलेले. तो अजूनही होतो, पण तिथे येणाऱ्यांचं सरासरी वय बघितलं की विभागातल्या लोकांच्या पोटात गोळा येतो. बास्केटबॉल कोच जॉन कॅलिपारी २००९ मध्ये केंटकी विद्यापीठात आले आणि ट्विटरवर असे काही रुळले की कॉलेज कोचनाही लाखोंनी फॉलोअर मिळू शकतात हे सगळ्यांना कळलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी केंटकी सोडलं, तेव्हा निरोपही व्हिडिओवरूनच घेतला. साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाच्या कोच डॉन स्टेली चाहत्यांशी थेट बोलतात. त्यांच्या चॅम्प नावाच्या कुत्र्याचंसुद्धा स्वतंत्र खातं आहे. २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत, त्यामुळे केवळ कुत्र्यामुळे स्टेडियम भरतं असं कोणी म्हणू नये. पण स्टेडियम भरतं.

माझ्या मते खरं कारण वेगळंच आहे. खेळाडू आता टिकत नाहीत. ट्रान्स्फर पोर्टलमुळे, म्हणजे विद्यापीठ बदलू बघणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, दर वसंतात निम्मा संघ दुसरीकडे जाऊ शकतो, आणि २०२१ च्या १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागल्यापासून तर जास्तच. चाहत्यानं जर्सी विकत घ्यावी आणि एप्रिलमध्ये ती मुलगी शेजारच्या राज्यात जावी. अशा वेळी ओळखीचा चेहरा एकच उरतो, कोचचा. म्हणून तो गाडीतला व्हिडिओ.

त्यातही एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या, नियमांची कटकट आहेच. ज्या मुलीनं आमच्याकडे येण्याच्या कागदावर अजून सही केलेली नाही, तिच्याबद्दल कोचनं जाहीर अवाक्षर काढायचं नाही. २०१६ च्या ऑगस्टपासून तिची पोस्ट लाइक करायला किंवा पुढे पाठवायला परवानगी मिळाली, पण वर एक शब्द लिहायचा नाही. त्यामुळे मुलीनं फोनवर होकार कळवला की कोच नुसतं घंटा वाजण्याचं जिफ टाकतात. नाव नाही, गाव नाही. चाहते रात्रभर खल करतात की कोणासाठी वाजली. त्या घंटेला आमच्या विजयाच्या पोस्टपेक्षा जास्त कमेंट येतात, हे कोचना मुळीच आवडत नाही.

तर तो फेब्रुवारीतला शनिवार. बाहेर गुडघाभर बर्फ, तरी गर्दी बरी होती. सामना आमच्या हातात होता, मग सुटला, मग पुन्हा आला. शेवटचे काही सेकंद राहिले तेव्हा आम्ही ६४-५९ असे पुढे होतो. समोरच्यांनी नाइलाजानं फाउल केला आणि आमची दुसऱ्या वर्षाची गार्ड दोन फ्री थ्रो, म्हणजे एकेका गुणाचे मोकळे शॉट, मारायला लाइनवर गेली. पहिला चेंडू रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर आला. दुसरा पुढच्या कडेला. रीबाउंड त्यांनी घेतला, धावतपळत एक आशाळभूत शॉट मारला, तो बोर्डालाही लागला नाही. बझर. आम्ही जिंकलो. बँड सुरू झाला, मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. फ्री थ्रोचं कोणाच्या खिजगणतीतही नव्हतं. बास्केटबॉलमध्ये हे रोजचं आहे.

मी बेसलाइनवर कॅमेरा धरून बसले होते आणि माझा फोन थरथरायला लागला. जिंकल्यावर तो थरथरतोच, पण हे वेगळं होतं. आमच्या विजयाच्या ग्राफिकखाली, जिथे त्या मुलीला टॅग केलं होतं, साप, उंदीर आणि विदूषकांची इमोजी ओळीनं येत होती. "विकली गेलीस." "पैसे परत कर." काही तर इथे छापण्यासारखी नाहीतच. खाती सगळी अनोळखी, कोणाच्या नावात आकडे, कोणाचा चेहरा नाही.

हे नीट कळायला सट्ट्याचं गणित माहीत हवं. २०१८ च्या मे महिन्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयानं खेळांवरच्या सट्ट्याला अडवणारा केंद्राचा कायदा रद्द केला आणि एकेक राज्य त्याला परवानगी देत गेलं. आता तो फोनवर बसल्या जागी, उघड उघड चालतो. नुसतं कोण जिंकणार यावरच लोक पैसे लावतात असं नाही. कितीच्या फरकानं जिंकणार यावरही लावतात. त्या दिवशी आमच्यासाठी फरक साडेसहाचा होता. म्हणजे ज्यांनी आमच्यावर पैसे लावले, त्यांच्यासाठी आम्ही किमान सातनं जिंकणं भाग होतं. पाच अधिक दोन, सात. ते दोन फ्री थ्रो आमच्या दृष्टीनं किरकोळ आणि फ्लोरिडातल्या किंवा न्यू जर्सीतल्या कोणा माणसाच्या दृष्टीनं सगळा शनिवार. त्यानं आमच्या गावाचं नावही आधी ऐकलेलं नसणार.

ऐकून होते मी हे. २०२४ च्या मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा खेळाडू अर्मांडो बेकॉटनं पत्रकारांना सांगितलं होतं की संघ जिंकूनही, त्याचे रीबाउंड कमी पडले म्हणून शंभरावर लोकांनी त्याला मेसेज करून शिव्या घातल्या. पण तो नॉर्थ कॅरोलायना. आमचे सामने धड टीव्हीवरही दिसत नाहीत.

लॉकर रूमबाहेरच्या बोळात ती मुलगी मला भेटली. डोक्यावर टॉवेल, एका हातात केळं, दुसऱ्या हातात फोन. रडत नव्हती. तिनं फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "हे बघ, हा माझ्याकडे बिल मागतोय." पैसे पाठवायच्या ॲपवर कोणीतरी तिला अडीचशे डॉलरची मागणी पाठवली होती, खाली कारण म्हणून लिहिलेलं 'फ्री थ्रो'. त्याखाली आणखी दोन मागण्या. मग तिनं इन्स्टाग्राम उघडलं आणि एक मेसेज दाखवला, त्यात तिच्या वसतिगृहाचं नाव होतं. तोवर मला या सगळ्याचं थोडं हसू येत होतं, ते तिथे संपलं.

कोच प्रेसशी बोलून आल्या. त्यांनी उभ्या उभ्या तो मेसेज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला म्हणाल्या, "लिहून घे." त्यांनी जे सांगितलं ते मी टाइप केलं. चार वाक्यं होती आणि चारही जळजळीत. माझ्या पाच वर्षांत त्यांच्या खात्यावर गेलेलं काहीच त्याच्या जवळपास नव्हतं, आणि खरं सांगते, मला ते टाकायची घाई झाली होती. असं काही टाकलं की देशभर जातं, हे या धंद्यात राहून कळतं. कॉम्प्लायन्सच्या, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या, बाई तेवढ्यात आल्या. त्यांचं म्हणणं, नावं घालू नका, स्क्रीनशॉट टाकू नका, आधी कॅम्पस पोलिसांना कळवा. वरच्या ऑफिसचं म्हणणं, सोमवारी बघू, एक निवेदन काढू. कोचनी दोघांचं ऐकून घेतलं, म्हणजे ऐकल्यासारखं केलं.

मग ती मुलगी म्हणाली, "कोच, प्लीज माझ्यावर काही टाकू नका."

कोच म्हणाल्या, "मी त्यांच्यावर टाकतेय, तुझ्यावर नाही."

"सगळे माझाच व्हिडिओ शोधतील ना पण. आत्ता फक्त सट्टेवाल्यांना माहितीय की मी दोन चुकवले. उद्या माझ्या आजीला कळेल."

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. कोच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आपल्या माणसासाठी चार शब्द बोलायला ज्या बाईनं एवढं मोठं माध्यम हातात जमवलं, तिला ऐन वेळी ते वापरता येऊ नये, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी ती चार वाक्यं खोडली.

पोस्ट गेली ती नेहमीचीच. कोच परत कोर्टवर गेल्या, सही घ्यायला थांबलेल्या लहान मुलींमध्ये उभ्या राहून नेहमीसारखा वाईट नाच केला, मी तो शूट केला. फरक एवढाच की कोणालाही टॅग केलं नाही.

बाकीचं काम कोचच्या केबिनमध्ये बसून केलं, आणि ते कोणाला दिसणारं नव्हतंच. धमकीचा मेसेज कॅम्पस पोलिसांकडे गेला. त्यांचा माणूस आला आणि त्यानं मुलीला सोडायला सोबत केली. मी विद्यापीठाच्या, संघाच्या आणि कोचच्या खात्यांवर शब्दांची चाळणी लावली. कुठले शब्द अडवायचे याची यादी करताना कोच शेजारी बसल्या होत्या. आधी सट्टेवाल्यांचे शब्द: 'पार्ले' अडवला, 'कव्हर' अडवला, 'अंडर' आणि 'ओव्हर' अडवले. मग लक्षात आलं की 'ओव्हर' अडवला तर "गेम ओव्हर" लिहिणारे आमचेच चाहते अडकणार. तो परत सोडला. साप अडवला. उंदीर अडवला. विदूषकावर कोच अडल्या, कारण निवृत्त पोस्टमन पंचांबद्दल नेमानं तेच इमोजी वापरतात. "ते राहू दे," म्हणाल्या, "नाहीतर त्यांना वाटेल मी त्यांना ब्लॉक केलं."

आणि पोस्टमनकाकांचीच मदत झाली. चाळणी लागायच्या आधीच त्यांनी त्या कमेंट वाचल्या होत्या. त्यांनी एकेकाला उत्तर द्यायला सुरुवात केली होती, तेही सामन्यातलं: शेवटच्या क्वार्टरमध्ये या मुलीनं काय काय केलं, कुठला स्टील, कुठला पास. त्यांचं बघून आणखी लोक उतरले, सगळे आमच्या गाडीतल्या व्हिडिओखालचे नेहमीचे. कोचनी कोणालाही सांगितलं नव्हतं. पण चांगुलपणालाही ऊत येतो. एका उत्साही चाहत्यानं शिव्या देणाऱ्यांपैकी एकाचं खरं नाव आणि तो नोकरी करतो ती जागा हुडकून टाकली. माझ्या पोटात खड्डा पडला. माणूस चुकीचा निघाला तर? कोचनी त्या चाहत्याला थेट फोन लावला. नंबर त्यांच्याकडे होता, तो सीझन तिकीटवाला. बोलणं दोन मिनिटांचं, आवाज अगदी सरावातला. त्यानं पोस्ट काढून टाकली.

एनसीएएनं सिग्निफाय नावाच्या कंपनीकडून एक पाहणी करून घेतली होती, ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तेरा लाखांहून जास्त पोस्ट आणि कमेंट तपासल्या, त्यात पाच हजारांवर गलिच्छ किंवा धमकीच्या निघाल्या. बास्केटबॉलमध्ये मुलींना मुलांच्या सुमारे तिप्पट धमक्या. सट्ट्याशी उघड संबंध असलेल्या १२ टक्के. हा आकडा मला नेहमी कमी वाटत आलाय, आणि त्याचं कारण त्या रात्री हातात होतं: ती मोजणी जाहीर पोस्टची. बिल मागणारे चारचौघांत मागत नाहीत.

मी लहानपणी नागपाड्याला मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर सामने बघायला जायची. तिथे फ्री थ्रो चुकवला की बघणारे तोंडावर बोलायचे, आणि सवयीनं बोलायचे. पण बोलणारा कुठल्या गल्लीतला हे खेळणाऱ्याला माहीत असायचं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस चहा पाजायचा.

सोमवारी वरून निवेदन आलं. त्यात 'आदर' हा शब्द इतक्या वेळा होता की कोचनी ते स्वतःच्या खात्यावर पुढे पाठवायला नकार दिला. त्याऐवजी त्यांनी फर्मान काढलं: यापुढे सामन्याच्या दिवशी कुठल्याही ग्राफिकवर खेळाडूला टॅग करायचं नाही. मार्केटिंगवाल्यांनी डोक्याला हात लावला, कारण टॅग नसेल तर पोस्ट फिरत नाही. कोच म्हणाल्या, नको फिरू दे. मी मनातून खूश होते. पण आठवडा उलटायच्या आत दोन मुली माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. एकीचा गावातल्या कार शोरूमशी करार होता, दुसरीचा एका खाऊच्या दुकानाशी. टॅग नाही तर फॉलोअर नाहीत, फॉलोअर नाहीत तर पुढचा करार नाही. "आमचं रक्षण करताय ते ठीक," त्यातली एक म्हणाली, "पण आम्हाला विचारलंत का?"

कोचना हे सांगायला मी बिचकतच गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि प्रत्येकीला वेगळं विचारायला सांगितलं. आता माझ्या टेबलामागे एक कागद चिकटवलाय, त्यावर संघातल्या सगळ्या मुलींची नावं आणि पुढे ज्याच्या त्याच्या हस्ताक्षरात उत्तर. बऱ्याच जणींनी 'हो' लिहिलंय. एकीनं 'घरच्या मैदानावर हो, बाहेर नाही'. शोरूमवालीनं 'हो' खाली दोन रेघा ओढल्यात. त्या गार्डनं सगळ्यात शेवटी लिहिलं: 'कधीही चालेल, फ्री थ्रोचा फोटो सोडून.'