बाजाराच्या दिवशी कविता

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावचं वाचनालय 'ड' वर्गाचं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे जे वर्ग पडतात, त्यातलं शेवटचं. अनुदान पुस्तकं, पेपर आणि मानधनातच संपतं, म्हणून काव्यवाचनासाठी मी पैसे मागितलेच नाहीत, फक्त खोली मागितली.

अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, २७ फेब्रुवारीलेच घ्या ना. मराठी भाषा गौरव दिन होते अन् अहवालाले फोटोबी होते." कुसुमाग्रजांच्या जयंतीला कविता व्हाव्यातच, पण मला दर महिन्याला हव्या होत्या. अखेर ठराव झाला.

खरी अडचण वेळेची. सोयाबीन निघालं की कापसाची वेचणी. रविवार असो की सण, बाया वावरात. संध्याकाळी चुली. शेवटी बाजाराचा दिवस धरला. त्या दिवशी मजूर कामावर जात नाहीत. आता चार वाजता सतरंजीवर मेथी-वांग्यांनी भरलेल्या थैल्या टेकवून बाया बसतात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक सगळं बाद केलं. प्रत्येकी दोनच कविता, हा नियम मात्र निवृत्त गुरुजींना अजून पटलेला नाही.

कॉलेजची पोरं मोबाइलवरून गझल वाचतात. अमरावतीच्या सुरेश भटांच्या मुलखात हे चालायचंच. वृत्ताचं मात्र विचारू नये. शेतकरी आत्महत्येवरच्या कविता पुष्कळ येतात. त्यातल्या बऱ्याच मला ऐकीव वाटतात. ज्याच्या घरात तसं घडलं, त्या माणसाने वाचली ती कापसाच्या अडकलेल्या चुकाऱ्यावरची कविता, त्यात व्यापाऱ्याची नक्कलही होती. लोक खो-खो हसले, तोही हसला.

एक आजी कोपऱ्यात बसायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "मले वाचता येत नाही बापू, म्हनता येते." मग जात्यावरच्या ओव्या सुरू झाल्या. त्या अडल्या की शेजारची बाई पुढची ओळ द्यायची. दोघींचं एका ओळीवरून भांडणही झालं, कारण एकीच्या माहेरी ती निराळी म्हणतात. ग्रंथपालांनी दोन्ही पाठ एका जाड वहीत उतरवून घेतले.

तेव्हापासून म्हटलेलं सगळं त्या वहीत जातं. ही वही पुस्तक म्हणून दाखलनोंद रजिस्टरला चढवायची की नाही, यावर मंडळात वाद सुरू आहे. सचिव म्हणतात, किंमतीच्या रकान्यात काय लिहू?