तुम्ही विचारलंत म्हणून: ते नाव फोडलं कोणी?

पत्रकारितेच्या वर्गात व्हॅलरी प्लेम प्रकरण, म्हणजे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेत छुपेपणानं काम करणाऱ्या बाईंचं नाव पेपरात फुटल्याचं प्रकरण, शिकवायला घेतलं की तास संपता संपता हात वर होतोच. ‘मॅडम, पण शेवटी नाव फोडलं कोणी?’

सरळ उत्तर आधी देते. रिचर्ड आर्मिटेज, अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्र उपमंत्री. जोसेफ विल्सन यांची बायको (म्हणजे प्लेम) सीआयएमध्ये आहे, हे त्यांनी स्तंभलेखक रॉबर्ट नोव्हाक यांना बोलता बोलता सांगितलं. तेव्हाचे अध्यक्ष बुश यांचे सल्लागार कार्ल रोव्ह यांनी दुजोरा दिला आणि १४ जुलै २००३ रोजी प्लेम यांचं नाव छापून आलं. आर्मिटेज यांनी ते जाहीरपणे कबूल केलं २००६ मध्ये.

तुमचं एवढ्यावर समाधान होत असेल, माझं होत नाही. विल्सन माजी राजदूत. इराक अण्वस्त्रांसाठी आफ्रिकेतल्या नायजरकडून युरेनियम घेऊ पाहतोय का, याची खातरजमा करायला सीआयएनं त्यांना फेब्रुवारी २००२ मध्ये तिकडे पाठवलं. यात फारसं तथ्य दिसत नाही, असं त्यांनी परत येऊन सांगितलं. तरी पुढच्या जानेवारीत बुश यांच्या भाषणात आफ्रिकेतलं युरेनियम आलंच आणि मार्चमध्ये इराकवर युद्ध सुरू झालं. ६ जुलैला विल्सन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये हे सगळं लिहिलं. आठ दिवसांत त्यांच्या बायकोचं नाव पेपरात!

त्या लेखाचं एक कात्रण पुढे कोर्टाच्या कागदपत्रांत आलं. त्यावर उपाध्यक्ष डिक चेनी यांनी स्वतःच्या हातानं प्रश्न लिहिले होते. राजदूताला असं कधी पाठवलं होतं का? आपल्यासाठी फुकट काम करायला माणसं पाठवतो का आपण? आणि शेवटी, की बायकोनंच त्याला सहलीला धाडलं? युरेनियमबद्दल त्या ओळींत एक शब्द नाही. हे कात्रण मी दर वर्षी वर्गात दाखवते.

चेनी यांचे मुख्य सहायक स्कूटर लिबी त्याच दिवसांत ज्युडिथ मिलर या पत्रकाराशी विल्सन यांच्या बायकोबद्दल बोलले. मिलर यांनी त्यावर बातमी केलीच नाही, पण स्रोत सांगायला नकार दिला म्हणून ८५ दिवस तुरुंगात काढले. लिबी २००७ मध्ये दोषी ठरले ते खोटं बोलल्याबद्दल आणि तपासात अडथळा आणल्याबद्दल. अडीच वर्षांची कैद बुश यांनी रद्द केली, पुढे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी माफीच दिली. नाव फोडल्याचा आरोप मात्र कुणावरच लागला नाही. १९८२ च्या कायद्यात तो लावायचा, तर सांगणाऱ्याला ती ओळख गुप्त आहे हे ठाऊक होतं, हे सिद्ध करावं लागतं.

रिपब्लिकन म्हणत राहिले, आर्मिटेज तर युद्धखोर गटातले नव्हतेच, मग विल्सन यांच्यावर सूड कसला? डेमोक्रॅट म्हणत राहिले, सूडच. मला विचाराल तर एकाची जीभ सैल सुटली आणि दुसऱ्यांच्या मनात डूख होता, दोन्ही एकाच वेळी. पहिल्यामुळे दुसरे सुटत नाहीत.

पण माझा जीव अडकतो तो वेगळ्याच ठिकाणी. तेव्हा मी एका मराठी दैनिकाच्या परदेश पानावर होते. रात्री बातमी मराठीत करताना मी बेधडक ‘सीआयए एजंट’ लिहिलं. चूक होती ती. प्लेम अधिकारी होत्या. त्या धंद्यात एजंट म्हणजे परक्या देशातला खबरी, अधिकाऱ्यावर विश्वास टाकून माहिती देणारा. बाहेरच्या जगात प्लेम ऊर्जा सल्लागार म्हणून वावरायच्या, ब्रूस्टर जेनिंग्स नावाच्या कंपनीच्या. ती कंपनी नावापुरतीच होती. प्लेम यांनी १९९९ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर यांना देणगी दिली, त्या नोंदीत नोकरीच्या रकान्यात तीच होती. नोव्हाक यांनी पुढे तेही सांगून टाकलं.

आता प्लेम ज्या देशांत वावरल्या, तिथल्या पोलिसांच्या जागी स्वतःला ठेवा. जुने व्हिसा काढायचे, हॉटेलांची रजिस्टरं काढायची, या बाई कुणाबरोबर जेवल्या ते बघायचं. वॉशिंग्टनमध्ये चार वर्षं वाद झाला तो कुणाची खुर्ची जाते यावर. त्या बाईंबरोबर कधीकाळी चहा प्यालेल्या माणसानं ती बातमी वाचून घाईघाईनं घरातले खण उपसले असतील, एखादं व्हिजिटिंग कार्ड शोधून जाळलं असेल.