कुंकळ्ळी ते न्हावा शेवा: रीफरसोबत ४१ तास

फॉरवर्डरने, म्हणजे मालाची वाहतूक जुळवून देणाऱ्या एजंटाने, फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "मंगळवारी रात्री नऊला गाडी सोडा, बुधवारी संध्याकाळी गेटला." मी रीफर, म्हणजे स्वतःचं थंड करणारं मशीन असलेला कंटेनर, न्हावा शेवा बंदराच्या गेटच्या आत घातला गुरुवारी दुपारी दोनला. आधीच्या खेपेला स्पेनच्या गिऱ्हाइकाने तापमानाचा आलेख दाखवून बिलातून पैसे कापले होते, म्हणून या वेळी मी स्वतः ट्रेलरच्या केबिनमध्ये बसून गेलो. मासळी, कोळंबी, भाजी, काहीही थंड माल गोव्याहून समुद्रमार्गे पाठवणार असाल तर हे वाचूनच गाडी सोडा. समुद्राची काळजी नंतर करा. माल बिघडतो तो आपल्या दारापासून बंदरापर्यंतच्या सुमारे सहाशे किलोमीटरमध्ये.

दारात मुरगाव असताना न्हावा शेवाला कशाला, असं बरेच जण विचारतात. मुरगाव हे खनिज-कोळशाचं बंदर. कंटेनरच्या मोठ्या बोटी तिथे नेमाने लागत नाहीत. फ्रोझन मालाला ठरलेली बोट हवी, त्यामुळे रस्त्याने जाणं आलंच.

माल होता माणकी, तुमच्याकडे माकूळ म्हणत असतील. चाळीस फुटी हाय-क्यूब रीफर, सेट पॉइंट, म्हणजे मशीनवर लावलेलं तापमान, मायनस २०. भरतानाच्या दोन गोष्टी आधी सांगतो, कारण त्या चुकल्या तर पुढे कोणी काही करू शकत नाही. रीफरचं मशीन माल गोठवत नाही, गोठलेला माल तसाच राखतं. मायनस १२ चा ब्लॉक आत टाकून "बोटीवर थंड होईल" म्हणणाऱ्या सुपरवायझरला तिथेच थांबवा. आम्ही दर दहाव्या कार्टनमधला ब्लॉक हाताच्या ड्रिलने भोक पाडून आतून मोजला. दुसरी गोष्ट तळाची. रीफरच्या तळाला इंग्रजी टी आकाराच्या पट्ट्या असतात. थंड हवा त्यांच्यामधून खालून येते, मालातून वर चढते आणि छताजवळून परत मशीनकडे जाते. आमच्या लोडर पोरांनी तळ ओला होऊ नये म्हणून पुठ्ठे अंथरायला घेतले होते. चांगल्या हेतूने, पण हवेची वाटच बंद झाली असती. भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर एकही कार्टन चढवू देऊ नका. फ्रोझन असेल तर व्हेंट, म्हणजे बाहेरची हवा आत घेणारी झडप, पूर्ण बंद. आंब्यासारखा श्वास घेणारा ताजा माल असेल तर व्हेंट उघडा आणि तापमान १३ च्या आसपास. आणि बुकिंगमध्ये मायनस हा शब्द अक्षरात लिहा. नुसती आडवी रेघ टायपिंगमध्ये गळते आणि मायनस १८ चं अधिक १८ होतं.

गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपासून राजापूरपर्यंत रस्ता छान आहे. झोपून घ्या.

आता हातखंबा ते आरवली. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणातलं हे काम वर्षानुवर्षं रखडलं आहे. अर्धवट पूल, दर थोड्या अंतरावर डायव्हर्जन, डांबर संपून खडी, खडी संपून खड्डा. मोकळ्या कारने जाणाऱ्याला कंबर दुखेल एवढंच, पण रीफरच्या ट्रेलरला जेनसेट लावलेला असतो. मशीनला वीज देणारा डिझेल जनरेटर तो हाच. सकाळी ९.४० ला संगमेश्वरच्या अलीकडे मागून येणारा घरघराट एकदम थांबला. मी उतरून पाहिलं तर जेनसेट बंद आणि रीफरचा डिस्प्ले काळा.

दोष कोणाचा ते सांगतो. ट्रान्सपोर्टरने बिलात जेनसेटचं डिझेल "फुल टँक" लावलं होतं, टाकीत मात्र तळाला जेमतेम तिसरा हिस्सा होता. हादऱ्यांनी तळाचा गाळ ढवळला आणि फिल्टर तुंबला. ड्रायव्हर मामा मूळचे कराडचे, वीस वर्षं ट्रेलरवर. त्यांनी फिल्टर काढून माझ्या हातावर ठेवला. काळ्या पेंडीसारखा थर होता, बोटाने ओरबाडला तर नखात अडकला. संगमेश्वरातून मेकॅनिक नवा फिल्टर घेऊन आला. हाताचा पंप दाबत राहिला, पाइपच्या तोंडाशी डिझेलमधून बुडबुडे येत होते, ते थांबेपर्यंत. १२.२५ ला मशीन चालू झालं.

मधल्या पावणेतीन तासांत मला तीनदा वाटलं, दार उघडून बघावं. मामांनी हात धरला. "साहेब, दार उघडलंत तर माल तुम्हीच घालवाल." ते बरोबर होते. भरगच्च गोठलेला माल स्वतःच बर्फाच्या लादीसारखा थंडी धरून ठेवतो. मशीन चालू झालं तेव्हा रिटर्न एअर, म्हणजे मालातून फिरून मशीनकडे परतणारी हवा, मायनस १३.६ दाखवत होती, चारच्या सुमारास ती मायनस १९ वर परत आली. ती हवा होती, माल नव्हे. पण लॉगमध्ये तो उंचवटा कायमचा राहतो आणि गिऱ्हाईक तोच दाखवतो. म्हणून मी तिथेच डिस्प्लेचे वेळेसह फोटो काढले, मेकॅनिककडून तारीख-वेळ घालून पावती घेतली आणि गिऱ्हाइकाला त्याच दुपारी मेल केला. एक लक्षात ठेवा, डीफ्रॉस्ट चालू असताना, म्हणजे मशीन स्वतःवर साचलेला बर्फ वितळवत असतानाही, रिटर्न एअर थोडी चढते. तो बिघाड नाही, घाबरून कोणाला उठवू नका.

निघण्याआधी जेनसेटच्या टाकीत काठी घालून पाहा. तासाला तीनएक लिटर धरा आणि ४५ तासांचा हिशेब करा, वीस तासांचा नको. जादा फिल्टर केबिनमध्ये ठेवा. कंटेनरवरचा पीटीआयचा, म्हणजे मशीनच्या प्रवासापूर्वीच्या तपासणीचा, स्टिकर वाचा. रिकामा रीफर न्हावा शेवाहूनच येतो, तपासणी तिथे झालेली असते आणि तोही हाच रस्ता तुडवून आलेला असतो.

माणगावात दोन तास गेले, तो रोजचाच प्रकार आहे. गणपतीच्या दिवसांत तर या रस्त्याने माल काढूच नका. अवजड वाहनांवर बंदी येते, सूट कोणाला ते त्या वर्षीच्या आदेशात वाचावं लागतं.

पनवेलजवळच्या पळस्प्याला पोचलो रात्री १०.४०. तिथे कळलं, फॉर्म १३, म्हणजे बंदराच्या गेटमधून आत जाण्याचा कागद, तयार नाही, कारण एजंटने व्हीजीएम भरलंच नव्हतं. व्हीजीएम म्हणजे भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन. ते दिल्याशिवाय बोटीवर चढवत नाहीत, हा नियम १ जुलै २०१६ पासून जगभर आहे. कुंकळ्ळीच्या काट्याची पावती मी आदल्या दिवशीच पाठवली होती. मग रात्रभर खासगी यार्डात मशीनला विजेचा प्लग लावून उभं राहणं आलं. रात्री ११.४० ला प्लग लावला, सकाळी ११ ला काढला. साडेअकरा तासांच्या आत, आणि बिल दोन दिवसांचं! तारीख बदलली म्हणे. हा उघड लुबाडण्याचा प्रकार आहे. यार्डात शिरण्याआधीच लिहून घ्या की दिवस म्हणजे २४ तास की कॅलेंडरची तारीख. मी भांडलो, एका दिवसाचे पैसे परत मिळाले, पण गाडी अडकवून ठेवतील या भीतीने आधी भरावेच लागले.

कट-ऑफ, म्हणजे त्या बोटीसाठी कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ, संध्याकाळी सहाचा होता. चार तास हातात राहिले. गेटवर सील नंबर शिपिंग बिलाशी, बाकीच्या कागदांशी आणि दाराशी, तिन्हीकडे स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. सेट पॉइंट परत एकदा वाचा. युरोपला जाणार असेल तर हेल्थ सर्टिफिकेट आणि एमपीईडीएचं (सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाचं) कॅच सर्टिफिकेट, म्हणजे मासळी कायदेशीर पकडल्याचा दाखला, यांवरची वजनं सारखी आहेत ना, ते पाहा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या बोटींना दहा ते चौदा दिवस जास्त लागतात, तेव्हा गिऱ्हाइकाला तारीख सांगताना जुना हिशेब धरू नका.

पुढची खेप मी अनमोड घाटातून बेळगाव-कोल्हापूर-पुणे अशी काढणार आहे. अंतर जास्त, टोल जास्त, आणि घाट अवजड गाड्यांना खुला आहे का हे आदल्या दिवशी विचारावं लागेल. मामांना तारीख कळवून ठेवली आहे. फिल्टर दोन घेतले आहेत.