हळवा तो पहिल्यापासूनच होता

२० जून, रात्री

परवा बावीस तारीख. २०२३ साली याच दिवशी जर्मन जाझ सॅक्सोफोनवादक पीटर ब्रॉट्झमन वुपर्टालमध्ये वारला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. म्हणून हा आठवडाभर संध्याकाळी त्याचंच वादन ऐकायचं ठरवलंय. एका मित्राला फोनवर हे सांगितलं, तर तो म्हणाला, "तो मशीनगनवाला ना? तरुणपणी नुसता आरडाओरडा केला आणि म्हातारपणी मवाळ झाला."

फोनवर वाद घातला नाही, पण ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. मवाळ तो कधी झालाच नाही, आणि हळवा तो पहिल्यापासून होता, असं माझं ठाम मत आहे. ते एकदा नीट लिहून काढायला हवं.

२१ जून

मित्राच्या मशीनगनपासूनच, म्हणजे ब्रॉट्झमनच्या 'मशीनगन' या तबकडीपासूनच सुरुवात केली. १९६८ चा मे महिना, ब्रेमेन शहरातला 'लीला ऑइलं' नावाचा क्लब, आठ वादक. ब्रॉट्झमन, एव्हन पार्कर आणि विलेम ब्रॉयकर असे तीन सॅक्सोफोन. पियानोवर बेल्जियमचा फ्रेड फान होव्ह. दोन डबल बास, पीटर कोवाल्ड आणि बुशी नीबरगाल यांचे. शिवाय दोन ड्रमवादक, नेदरलँड्सचा हान बेनिंक आणि स्वीडनचा स्वेन-ओके योहान्सन. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांचे देश, तटस्थ स्वीडन सोडला तर, महायुद्धात होरपळत होते, त्यांची ही मुलं एका खोलीत एकत्र वाजवत होती. हे आठवलं की त्या आवाजाचा अर्थ मला वेगळा लागतो.

'मशीनगन' हे नाव आधी अमेरिकन ट्रम्पेटवादक डॉन चेरीने ब्रॉट्झमनच्या वाजवण्याला दिलं होतं. ब्रॉट्झमनने तबकडी स्वतःच काढली, मुखपृष्ठ स्वतः केलं, पहिल्या खेपेला जेमतेम तीनशे प्रती. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, पॅरिस पेटलं होतं. तीन सॅक्सोफोन एकदम फुटतात तेव्हा पहिल्यांदा ऐकणारा खुर्चीत ताठ होतो. पण शीर्षकरचना सतरा मिनिटांची आहे आणि शेवटापर्यंत ऐकणारे थोडे. शेवटाकडे त्या सगळ्या धुरातून एक साधी, ठेक्यात बसणारी, जुन्या रिदम अँड ब्लूज बँडसारखी धून वर येते. सगळे मिळून ती वाजवतात. नाचावंसं वाटेल अशी ती धून आहे, आणि ज्याला फक्त मोडतोड करायची आहे तो माणूस अशी धून राखून ठेवणार नाही.

२२ जून

आज त्याच्या घडणीबद्दल.

जन्म १९४१, रेमशाइड. हत्यारं-अवजारं बनवणारं गाव, वुपर्टालच्या शेजारचंच. शाळेत असताना त्याने वुपर्टालमध्ये सिडनी बेशे या जुन्या अमेरिकन जाझवादकाची मैफल ऐकली. माझ्या मते पुढची सगळी वाट तिथूनच निघते. बेशेच्या स्वरातला तो रुंद, थरथरता कंप ब्रॉट्झमनच्या स्वरात आयुष्यभर राहिला. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन तो स्वतःच शिकला, स्विंग आणि डिक्सीलँड वाजवणाऱ्या हौशी बँडमधून. शिक्षण मात्र चित्रकलेचं, वुपर्टालच्या कलाशाळेत. १९६३ मध्ये तिथल्या पार्नास गॅलरीत नाम जून पाइक या कोरियन कलाकाराचं प्रदर्शन झालं, टीव्हीच्या पेट्या आणि फेरफार केलेले पियानो मांडलेलं, तेव्हा तरुण ब्रॉट्झमन पाइकच्या हाताखाली राबत होता. वस्तूला तिच्या नेमून दिलेल्या कामातून सोडवता येतं, हे तो तिथे पाहून आला. सॅक्सोफोनच्या बाबतीत त्याने पुढे तेच केलं: फुंक इतकी जोराची की स्वर फाटून त्यातून दोन-तीन स्वर एकदम निघावेत, वाजवता वाजवता गळ्यातून हुंकार द्यायचा, पट्टीच्या वर जिथे वाद्याची हद्द संपते तिथे जाऊन उभं राहायचं. पोटापाण्यासाठी सुरुवातीला जाहिरातीची चित्रं काढली. चित्रकला शेवटपर्यंत सुटली नाही, आपल्या कित्येक तबकड्यांची मुखपृष्ठं त्यानेच केली.

आणि युद्ध. आमच्या बापांनी काय केलं, हा प्रश्न त्याच्या पिढीच्या जर्मन मुलांना चुकवता आला नाही. मुलाखतींमधून तो या लाजेबद्दल पुन्हा पुन्हा बोलला. घरातली मोठी माणसं गप्प होती. मी त्याचं त्या काळातलं वादन ऐकतो तेव्हा मला तो त्या गप्पपणावर चालून गेल्यासारखा वाटतो. राग आहेच, पण रागाच्या खाली दुःख आहे, आणि ते लपवायचा त्याने कधीच प्रयत्न केला नाही.

बर्लिनच्या मोठ्या जाझ महोत्सवाने १९६८ मध्ये त्याचं आमंत्रण मागे घेतलं. सगळे वादक काळ्या सुटात येतील याची हमी तो देईना. मग ब्रॉट्झमन आणि त्याच्या सोबत्यांनी त्याच दिवसांत, त्याच शहरात आपली वेगळी बैठक भरवली, 'टोटल म्युझिक मीटिंग'. ती पुढे अनेक वर्षं चालली. पुढच्या वर्षी कोवाल्ड, अलेक्झांडर फॉन श्लिपनबाख आणि योस्ट गेबर्स यांच्यासोबत 'एफएमपी' (फ्री म्युझिक प्रॉडक्शन) ही वादकांचीच रेकॉर्ड संस्था उभी राहिली. गेबर्स दिवसा समाजसेवकाची नोकरी करायचा, उरलेल्या वेळात ध्वनिमुद्रण आणि हिशेब. युरोपातल्या मुक्त संगीताचा, म्हणजे ठरलेल्या चालीशिवाय उत्स्फूर्त वाजवलेल्या या संगीताचा, निम्मा इतिहास आज ऐकायला मिळतो तो अशा माणसांमुळे. त्यांच्याबद्दल कुणी पानभर लिहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

२३ जून

जर्मनीतलं ब्लॅक फॉरेस्ट. मे १९७७. ब्रॉट्झमन आणि बेनिंक वाद्यं आणि टेपरेकॉर्डर घेऊन जंगलात गेले आणि तिथेच वाजवत बसले. बेनिंक झाडांच्या खोडांवर, दगडांवर, पाण्यावर वाजवतो, ब्रॉट्झमन क्लॅरिनेटवर पक्ष्यांशी बोलतो. आज दोनदा ऐकलं. ज्याला 'गोंगाट करणारा' म्हणतात तो माणूस इथे पक्ष्याला आधी बोलू देतो, थांबतो, मग उत्तर देतो.

२४ जून

आज '१४ लव्ह पोएम्स'. वर्ष १९८४. ब्रॉट्झमन एकटा, साथीला कुणी नाही. सुरुवात अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'लोनली वुमन'ने, आणि पुढे छोट्या छोट्या रचना. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या या प्रेमकविता आहेत, म्हातारपणाच्या नव्हेत. मित्राला हीच तबकडी पाठवायला हवी. स्वर इथेही खरखरीत आहे, पण ब्रॉट्झमन एकेका स्वराला धरतो, त्यावर रेंगाळतो, त्याला कापरं भरू देतो. कोलमन हॉकिन्स आणि बेन वेब्स्टर या जुन्या टेनर सॅक्सोफोनवाल्यांची धीमी गाणी याच्या कानात किती खोल गेली होती, ते इथे कळतं.

तारोगातोबद्दलही लिहायलाच हवं. हे हंगेरीचं लाकडी वाद्य. आज वाजतं ते एका पत्तीचं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बुडापेस्टमध्ये घडवलेलं, पण त्याचं जुनं रूप दुहेरी पत्तीचं, सनईच्या कुळातलं. ब्रॉट्झमनने ते हातात घेतलं की माझा कान आपोआप लग्नमांडवाच्या दाराशी जाऊन उभा राहतो. तोच उघडा, नाकातला, दूरवर जाणारा आवाज, ज्यात आनंद आणि रडू वेगळं काढता येत नाही.

२५ जून

मुक्त जाझचा अमेरिकन सॅक्सोफोनवादक आल्बर्ट आयलर १९७० च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये मृत सापडला, चौतिसाव्या वर्षी. १९९३ मध्ये ब्रॉट्झमनने त्याच्या आठवणीत चौकडी उभी केली: जपानचा ट्रम्पेटवादक तोशिनोरी कोन्दो, बासवर विल्यम पार्कर, ड्रमवर हमीद ड्रेक. नाव कठोर ठेवलं, 'डाय लाइक अ डॉग'. आयलरच्या धुनांचे तुकडे वाजवता वाजवता मधूनच येतात आणि विरून जातात. पार्कर आणि ड्रेक यांच्यामुळे ब्रॉट्झमनच्या वादनाखाली प्रथमच एक खोल, झुलती लय आली, असं मला वाटतं. मुक्त संगीतात ठेका चालत नाही असं मानणाऱ्यांनी हे ऐकावं. याच्या आधी तो 'लास्ट एक्झिट' या बँडमध्ये सॉनी शॅरॉकच्या इलेक्ट्रिक गिटारसमोर उभा राहिला होता, पुढे १९९७ पासून शिकागोच्या तरुणांचा मोठा संच सांभाळला, मग हेदर लीच्या पेडल स्टील गिटारसोबत वाजवलं. प्रत्येक वेळी समोरचा माणूस नवा, कित्येकदा वयाने खूप लहान. सोपा झालेला संच सोडून नव्या माणसासमोर उभं राहण्याची ही सवय त्याने अखेरपर्यंत मोडली नाही. मी त्याला मवाळ म्हणत नाही ते यामुळेही.

२०१९ ची 'आय सरेंडर डिअर' शेवटी ऐकली. पुन्हा एकटा, जुनी गाणी, संथ. मित्र म्हणाला ते हिच्यावरूनच असणार. पण आधी '१४ लव्ह पोएम्स' आणि लगेच ही, अशा ओळीने ऐकलं तर दोन्हींत एकच माणूस श्वास घेताना सापडतो. आता श्वास आखूड झालेला आहे, वाक्यं लहान झाली आहेत, फुप्फुसांच्या आजाराने त्याला बरीच वर्षं छळलं. कंप मात्र तोच.

फेब्रुवारी २०२३ मध्ये लंडनच्या कॅफे ओटोमध्ये त्याने सलग दोन रात्री वाजवलं. जॉन एडवर्ड्स बासवर, स्टीव्ह नोबल ड्रमवर, जेसन अडासिएविझ व्हायब्राफोनवर. त्याचं ध्वनिमुद्रण निघालं आहे. मित्राला उद्या तीन गोष्टी पाठवतोय, याच क्रमाने: १९८४, मग २०२३, आणि १९६८ सगळ्यात शेवटी, सतरा मिनिटं पूर्ण ऐकायच्या अटीवर.