बुडी आणि ढेकर

भर दुपारी बादलीत जुन्या पेनाचं टोपण पडतं आणि बुडत नाही. क्लिपच्या वजनानं तोंड खाली, टोक वर, असं उभं राहून डुलतं. बोटानं दाबलं की खाली, बोट काढलं की परत वर. बादली ज्या कामाला भरली होती ते काम राहतं बाजूला. लहानपणी एकदा पाणबुडीशी खेळलेल्या माणसाचं पुढे कायम असंच होतं.

पाण्यातली बाकी सगळी खेळणी तरंगावीत म्हणून केलेली. बदक, होडी, चेंडू. बुडालं की रडू. पाणबुडीचं उलटं. ती बुडली नाही की रडू, आणि बुडून वर आली नाही की त्याहून मोठं रडू.

या जातीतली सगळ्यात लाडकी म्हणजे बेकिंग पावडरवर चालणारी. अमेरिकेत १९५०च्या दशकात केलॉग्जच्या न्याहारीच्या सीरियलच्या खोक्याचा तुकडा आणि २५ सेंट पाठवले की ती टपालानं घरी यायची. नॉटिलस ही पहिली अणुपाणबुडी १९५४च्या जानेवारीत पाण्यात उतरली होती, आणि घरोघरच्या टबांत हे बोटभर प्लॅस्टिक तिच्याच ऐटीत बुड्या मारत होतं. इंजिन नाही, चावी नाही, सेल नाही. पोटाखाली एक छोटा कप्पा, त्याला बारीक भोक, आत पावडर. भोकातून पाणी शिरतं, पावडर फसफसते, पोटाखाली बुडबुडा फुगत जातो आणि पाणबुडी तळ सोडते. पृष्ठभागाशी पोचली की जराशी कलंडते, बुडबुडा निसटतो, आणि ढेकर देऊन मोकळी झालेली स्वारी पुन्हा खाली. ती ढेकर हाच सगळा खेळ. वर येणं कोणालाही जमतं हो.

यात एक चूक पिढ्यान् पिढ्या होत आली आहे: पावडरऐवजी खाण्याचा सोडा भरायचा. दिसायला दोन्ही पांढरं, मग फरक काय पडतो? पडतो. नुसत्या सोड्याला पाण्यात काहीही सुचत नाही. त्याला आम्ल लागतं. बेकिंग पावडरीत सोडा, कोरडं आम्ल आणि स्टार्च असं तिघांचं एकत्र कुटुंब असतं, आणि स्टार्चचं काम म्हणजे पाणी येईपर्यंत बाकी दोघांना भांडू न देणं. सोड्यात लिंबूसत्त्व मिसळायची युक्ती काहीजण करतात. चार भाग सोड्याला तीन भाग लिंबूसत्त्व हे प्रमाण बरोबर आहे, पण तो वायू एका दमात सुटतो. पाणबुडी उसळून वर येते आणि मग वरच. खेळ खलास.

पावडर ठासून भरायची. सैल राहिली की पहिल्याच बुडीला पांढरा ढग होऊन बाहेर पडते आणि पाणी दुधाळ होतं. अर्धा ग्रॅम पुरते. तेवढ्यातून कागदावर चाळीसेक मिलिलिटर वायू निघतो, आणि पाणबुडी उचलायला मिलिलिटरभराचा बुडबुडाही पुष्कळ. प्रत्यक्षात बराच वायू पाण्यात विरघळतो, काही वाटेतच पळतो. शिवाय हल्लीच्या बहुतेक पावडरींत थोडं आम्ल उष्णतेची वाट बघत बसणारं असतं, म्हणून गार पाण्यात अर्धी ताकद झोपलेलीच राहते. पाणी कोमट घ्यावं. डबा जुना असेल तर आधी चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी. फसफस झाली नाही तर दमट हवेनं ती आधीच खाल्लेली आहे. आणि खेळ संपल्यावर भोकात टाचणी फिरवायची. आतला लगदा वाळला की दगड होतो. पुढच्या वेळी पाणबुडी तळाशी जाते आणि तिथेच बसते.

टोपणाची गोष्ट वेगळी. त्यात वायू तयार होत नाही, असलेल्या हवेलाच कामाला लावायचं. प्लॅस्टिकची बाटली गळ्यापर्यंत नाही, काठोकाठ भरायची. हवा राहिली की आपला निम्मा जोर तिलाच दाबण्यात जातो. टोपणाच्या क्लिपला क्लेचा गोळा लावायचा आणि आधी ग्लासात वजन पाहायचं: दोन-तीन मिलिमीटर टोक पाण्याबाहेर राहिलं पाहिजे. हे जमायला चिमटीचिमटीनं क्ले कमी-जास्त करत अर्धा तास जातो, आणि खरी मजा त्या अर्ध्या तासातच असते. मग टोपण बाटलीत सोडायचं, झाकण घट्ट लावायचं आणि बाटली दाबायची. टोपण पारदर्शक असेल तर आतली पाण्याची रेघ वर सरकताना दिसते. हवा आकसली, पाणी शिरलं, वजन वाढलं, बुडी. राफाएल्लो माजिओत्ती या इटालियन शास्त्रज्ञानं १६४८ साली याचं वर्णन केलं. नाव मात्र देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचं लागलं: कार्टेशियन डायव्हर. हल्लीच्या टोपणांना टोकाला भोक असतं, चुकून गिळलं तर मुलाला श्वास घेता यावा म्हणून. चांगलीच सोय आहे, पण बुडीसाठी ते क्लेनं बुजवावं लागतं.

कधी कधी दाब सोडला तरी टोपण वर येत नाही. जितकं खोल तितकं वरच्या पाण्याचं वजन जास्त, हवा आणखी आकसते, टोपण आणखी जड होतं. बुडत्याचा पाय खोलात हे इथे अक्षरशः खरं आहे. तीस सेंटिमीटरच्या बाटलीत हा फरक जेमतेम तीन टक्के, पण वजन काठावर जुळवलेलं असेल तर तेवढाही भारी पडतो. क्लेचा कण काढायचा, पुन्हा ग्लास.

चावीच्या पत्र्याच्या पाणबुड्या दिसायला झोकदार, पण स्वभावानं भित्र्या. त्या पाण्याहून हलक्याच असतात. पुढचे पंख खाली कललेले असतात म्हणून वेगात असेपर्यंत नाक पाण्यात खुपसतात. स्प्रिंग दमली, वेग उतरला की आपोआप वर. हरवायची भीती नाही. चावीच्या भोकाचं रबर सुकलं की पाणी आत जातं आणि स्प्रिंग गंजते, एवढंच दुखणं. बुडी म्हणाल तर ती बुडी नव्हेच, वाकून नमस्कार करणं आहे.

खऱ्या पाणबुडीत टाक्यांतलं पाणी दाबाखालच्या हवेनं बाहेर ढकलतात; तत्त्व पोटाखालच्या बुडबुड्याचंच. १० एप्रिल १९६३ला थ्रेशर ही अमेरिकी अणुपाणबुडी खोल पाण्यातल्या चाचणीत बुडाली. आत १२९ माणसं होती. वर येण्यासाठी हवा सोडली गेली, पण पुरेशी पोचली नाही. नंतर तिच्याच जातीच्या दुसऱ्या पाणबुडीवर धक्क्याला तपासून पाहिलं, तेव्हा हवेतल्या ओलाव्याचा बर्फ होऊन नळ्यांमधल्या गाळण्या तुंबल्या.

टबात भोक तुंबलं तर बाही वर करून हात घालता येतो.