सवय होते गं

लेबर रूमच्या पोस्टिंगला पाठवण्याआधी आम्ही नर्सिंगच्या मुलींकडून सगळं घोटून घेतो. कळा कशा मोजायच्या, पार्टोग्राफ (बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते नोंदवायचा तक्ता) कसा भरायचा, वार पुरी आली का ते कसं बघायचं. सिनियर अंगावर आली तर काय करायचं, हे मात्र मी कित्येक वर्षं शिकवलं नव्हतं. कोणी रडत आलीच तर "सवय होते गं" म्हणून पाठीवर हात ठेवायचा, संपलं.

मग एक मुलगी आली, आणि ती रडत नव्हती. तिनं शांतपणे सांगितलं, "मॅडम, काल रात्री बाळाचे ठोके शंभर लागले. परत मोजले. तिसऱ्यांदाही मोजले. पण सिस्टरना सांगितलं नाही." का, तर त्याच्या आदल्या दिवशी पार्टोग्राफवर तिची एक फुली चुकली होती आणि सिस्टरनं तो कागद नातेवाइकांसमोर तिच्या तोंडावर नाचवला होता. चूक खरी होती, ती दाखवणं सिस्टरचं कामच होतं. पण त्या तमाशानंतर मुलगी एवढंच शिकली, की तोंड उघडायचं नाही. ठोके मिनिटाला ११०च्या खाली गेले की लगेच सांगायचं, हे तिला पाठ होतं. नशिबानं डॉक्टर राउंडला आले, त्यांनी ऐकलं, बाळ सुखरूप झालं.

त्या आठवड्यात मी स्किल लॅबमध्ये नाटक करायचं ठरवलं. मार्था ग्रिफिन या अमेरिकी नर्सनं २००४ साली मांडलेली एक पद्धत मी वाचली होती. नव्या नर्सेसना टोमणे, मुद्दाम माहिती न देणं, डोळे फिरवणं अशा वागण्यावर ठरावीक उत्तरं आधीच घोटून द्यायची, छोट्या कार्डांवर लिहून जवळ ठेवायला सांगायची. जीभ अडते ती ऐन वेळी, म्हणून वाक्य आधीच तोंडात बसलेलं हवं. मला ते पटलं होतं.

सिस्टर मी झाले. कागदावर माझं वाक्य साधं होतं : "आत्ता नको, मी कामात आहे." मॅनिकिनजवळची (सरावाच्या पुतळ्याजवळची) मुलगी म्हणाली, "सिस्टर, ठोके शंभर येतायत." आणि मी म्हणाले, "मोजता येतं का तुला? हात आहेत की फावडी?"

मुली हसल्या, मग एकदम गप्प झाल्या. फावड्यांचं वाक्य कागदावर नव्हतं. ते मी विद्यार्थिनी असताना मला ऐकवलं गेलं होतं, आणि इतक्या वर्षांनी तोच सूर, तीच मान उडवण्याची लकब, जशीच्या तशी बाहेर पडली होती.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, डेमोलाही तुम्ही कधी कधी असंच बोलता."

राग आला, खोटं कशाला सांगू. मग मी तिलाच पुढे बोलावलं. "तू सिस्टर हो, मी विद्यार्थिनी." तिनं फार मन लावून काम केलं (जरा जास्तच). आणि मी, इतक्या वर्षांच्या अनुभवाची बाई, म्हणाले, "सॉरी सिस्टर." पुढचं वाक्य आलंच नाही.

त्यानंतर खरं काम सुरू झालं. दवाखान्यातल्या लोकांना एकत्र काम करायला शिकवणाऱ्या टीमस्टेप्स प्रशिक्षणातल्या तीन पायऱ्या मी फळ्यावर लिहिल्या : मला काळजी वाटते, मला हे ठीक वाटत नाही, हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मुलींनी नाकं मुरडली. लेबर रूममध्ये असं कोण बोलतं? मग त्यांनीच आपलं वाक्य बांधलं : "सिस्टर, ठोके शंभर आहेत, तीनदा मोजले. तुम्ही आत्ता येऊन ऐका, नाहीतर मी डॉक्टरांना बोलावते." प्रत्येकीनं ते मोठ्यानं दहा-दहा वेळा म्हटलं. पहिल्या दोन-तीन खेपेला बहुतेकींचा आवाज शेवटाला पडत होता.

स्वतःच्या अपमानाचं काय, यावर बराच वाद झाला. रक्तस्राव होत असताना "ऑक्सिटोसिन दे लवकर!" असं कोणी खेकसलं तर तो छळ नव्हे, तिथं हात चालवायचे. तेच माणूस त्याच मुलीला रोज, चारचौघांत, कामाशी संबंध नसलेलं ऐकवत असेल तर ते वेगळं. त्याची तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथं कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं आणि आम्हाला सांगायचं. भांडण पेशंटजवळ नाही. बाळाचा प्रश्न असेल तर मात्र थांबायचं नाही, मग समोर कोणी का असेना.

दुसऱ्या दिवशी मी त्या सिस्टरना भेटायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं, रजिस्टर बंद केलं आणि म्हणाल्या, "मॅडम, आपण नाही का सोसलं?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हटलं, "सोसलं. पण मीही ठोके सांगितले नसते." त्या काही बोलल्या नाहीत. आतून कोणीतरी हाक मारली आणि त्या उठून गेल्या.